टाळी पडली की हात वर

माझ्या भावाच्या स्वयंपाकघरात जे कपाट आहे, त्याची मधली फळी पूर्वी एका पियानोचे झाकण होती. आता तिच्यावर कपबशा असतात. माझी भाची आज पियानोवादक आणि संगीतकार म्हणून ओळखली जाते. तिची गोष्ट सांगायची तर या फळीपासूनच सांगावी लागेल.

भाऊ सुतार. हाताचा पक्का आणि जिभेचा त्याहून पक्का. मुलगी लहान असतानाच वहिनी वारली. माझे लग्न झालेले नव्हते, म्हणून मी त्याच्याच घरी राहिले. मुलगी अंगाने काडीसारखी होती, त्यामुळे तिला सगळे बारकी म्हणत. बोलणे तिला जवळजवळ नकोच असे.

एक बंद पडलेले हॉटेल पाडायला काढले होते. तेथून भावाने एक जुना पियानो हातगाडीवर घालून आणला. तो त्याला वाजवण्यासाठी नको होता.

"आतून खलास झालाय. पण लाकूड बघ, ताई. असं लाकूड आता डोळ्यांना दिसायचं नाही," असे म्हणून त्याने पियानोच्या अंगावर थाप मारली. आत कोठेतरी तारा घुमल्या. बारकी दारात उभी होती. ती तो आवाज ऐकून आत आली, आणि माझ्या मते ती तेथून पुन्हा बाहेर पडलीच नाही.

पियानो बरेच दिवस भावाच्या कारखान्यात फळ्यांच्या मागे भुशात उभा राहिला. बारकी शाळेतून आली की त्याच्यापाशी जाई. निम्म्या पट्ट्या दाबल्या तरी आवाज देत नसत. ज्या देत होत्या, तेवढ्यांवर तिने चाली बसवल्या. मुक्या पट्ट्या कोणत्या हे तिला पाठ झाले होते, तरी ती त्या टाळत नसे. ती मुकी पट्टी दाबी, आवाज आला असे धरून चाले आणि पुढच्या पट्टीवर जाई.

"त्यात जीव अडकवू नकोस गं," भाऊ रंधा मारता मारता म्हणे. "ते लाकूड आहे. आज ना उद्या कापणार मी."

मुलीला ते खरे वाटले नाही. बापाचे सगळे बोलणे थट्टेचे असताना नेमके हेच खरे निघेल असे तिला का वाटावे?

एके दिवशी ती शाळेतून आली तेव्हा भंगारवाल्यासाठी तारांची वेटोळी दाराशी ठेवलेली होती. पियानोच्या फळ्या मेजावर आडव्या पडल्या होत्या आणि त्यांच्यावर पेन्सिलीच्या खुणा झालेल्या होत्या. भावाने खिशात हात घालून पांढऱ्या पट्ट्यांचे मूठभर तुकडे काढले आणि तिच्या ओंजळीत ओतले.

"घे. म्हाताऱ्याचे दात काढले."

शेजारचा रंगारी तेथे बसलेला होता, तो खो खो हसला. भाऊही हसला. बारकीने ते तुकडे दप्तरात घातले, दप्तर खुंटीला लावले आणि ती माझ्याबरोबर भाजी निवडायला बसली. तिच्या डोळ्यांत पाणी आले नाही. पाणी आले असते तर भावाला वाईट वाटले असते असे मला त्या वेळी वाटले. आज तसे वाटत नाही. त्याला आणखी एक विनोद सुचला असता.

कपाट मात्र उत्तम झाले. ते स्वयंपाकघरात लागल्यापासून बारकी रोज कप बाजूला सारून मधल्या फळीवर बोटे चालवू लागली. आवाज कसलाच नाही, केवळ नखांची टकटक. भावाने त्याची कहाणी करून गल्लीभर सांगितली. "आमच्या बारकीचा पियानो फार गुणी. शेजाऱ्यांना त्रास नाही, सूर लावायची कटकट नाही, आणि वर कप ठेवायची सोय." तिचे चाललेले असताना त्याला गंमत करावीशी वाटली, की तो चहाचा गरम कप तिच्या दोन हातांच्या मधोमध आणून ठेवी. ती हात काढून घेत नसे. कपाच्या अलीकडून आणि पलीकडून तिची बोटे चालत राहत. एकदोनदा चहा सांडून भाजले, तेव्हाही ती थांबली नाही.

मी त्या काळात एका नृत्यशाळेत शिवणकाम करीत असे. माझ्या खोलीला मोठ्या दालनाकडे उघडणारी एक खिडकी होती, त्यामुळे माझे मशीन आणि तेथील पियानो दिवसभर एकमेकांच्या शेजारी चालत. बारकीचे हे फळीवरचे वाजवणे मला बघवेना. सुट्टीच्या दिवसांत मी तिला बरोबर नेऊ लागले.

त्या दालनाच्या एका भिंतीला आरसे होते आणि दुसऱ्या भिंतीला मुलींनी धरण्यासाठी लाकडी कठडा. पाय घसरू नयेत म्हणून कोपऱ्यात राळेच्या पुडीचे तबक ठेवलेले असे आणि मुली त्यात चवडे घासून रांगेत जात. शाळा ज्यांची होती त्या बाई ताठ, उंच आणि हडकुळ्या होत्या, परंतु त्यांचे तळवे पसरट होते. त्या टाळी वाजवीत तेव्हा फळी मोडल्यासारखा आवाज होई आणि आरसे थरथरत. पाठीमागे मुली त्यांना टाळीबाई म्हणत. माणसाला नावाने हाक मारण्याची त्यांची पद्धत नव्हती. मी 'सुई' होते. पियानो वाजवणारे जे वृद्ध मास्तर होते, ते 'पियानो' होते.

"पियानो, चल!" असे म्हटले की मास्तर सुरू होत. टाळी पडली की थांबत. पियानोचे तोंड मुद्दाम भिंतीकडे केलेले होते. मी एकदा भीत भीत विचारले, तर बाई म्हणाल्या, "त्यांना बघायचंय काय? ऐकलं की पुरे."

मास्तरांनी बारकीला मधल्या सुट्टीत शिकवण्यास सुरुवात केली. शिक्षक म्हणून ते फार चांगले होते आणि माणूस म्हणून घाबरट. बोटे कशी ठेवावीत, मनगट कसे सैल सोडावे, लिहिलेले सूर कसे वाचावेत, हे सर्व त्यांनी तिला वर्षानुवर्षे शिकवले. परंतु पहिल्या दिवशी त्यांनी सांगितले ते निराळेच होते.

"टाळी ऐकलीस की हात वर. कुठल्या सुरावर आहेस ते बघायचं नाही. शेवट एका सुरावर आला असला तरी तो वाजवायचा नाही."

"का?" बारकीने विचारले.

"मी एकदा वाजवला होता. पुढची मुलगी टाळीला थांबली. मागची माझ्या सुरावर उडी मारून तिच्या घोट्यावर उतरली. ती पोर परत नाचली नाही." हे सांगताना त्यांनी दोन्ही हात मांडीखाली दाबून धरले होते.

नियमाला असे कारण होते, म्हणून त्या नियमाविरुद्ध कोणाला काही म्हणता येत नसे. मास्तरांनी तिला वळण लावले तेही कठोरपणे. ती वाजवीत असताना ते अचानक टाळी देत, आणि तिचे हात उशिरा उठले तर पियानोचे झाकण पाडत. बोटे वाचवायची असतील तर टाळीसरशी हात वर गेलेच पाहिजेत. काही महिन्यांनी असे झाले, की रस्त्यात कोणी टाळी दिली तरी तिचे हात कोपरापासून वर जात. भावाला ही नवी गंमत सापडली. ती जेवायला बसली की तो टाळी वाजवी, तिचा घास खाली पडे आणि तो पोट धरून हसे.

टाळीबाईंचा आणखी एक दंडक होता. ओळखीची चाल वाजवायची नाही. "मुली चालीवर पाय टाकतात. मोजून टाकायला हवेत," असे त्यांचे म्हणणे. त्यामुळे वादकाला प्रत्येक वेळी तेथल्या तेथे नवी चाल रचावी लागे. दिवसभरात कितीतरी चाली जन्माला येत आणि टाळीखाली जात. माझी भाची संगीतकार कशी झाली, असे मला कोणी विचारले तर मी हेच सांगेन. तिला रोज नवे रचणे भाग होते, आणि त्यातले काहीही पूर्ण करण्याची तिला मुभा नव्हती.

पुढे मास्तरांची बोटे आखडू लागली. एके सकाळी मुली कठड्याला उभ्या असताना त्यांची लय तीनदा मागे पडली. बाईंनी टाळी दिली. मास्तरांचे हात वर गेले.

"पियानो बदला," बाई म्हणाल्या.

सर्वांना वाटले, त्या वाद्याविषयी बोलत आहेत. बाईंनी बारकीकडे बोट केले. तोवर तिचे शिक्षण संपले होते आणि मला मदत म्हणून ती माझ्या खोलीत बसत असे. ती उठली, दालनातून चालत गेली आणि बाकापाशी उभी राहिली. मास्तर उठेपर्यंत तिने वाट पाहिली, परंतु ती त्यांच्याशी एक शब्दही बोलली नाही.

"बाई, मग मी काय करू?" मास्तरांनी विचारले.

"तुम्ही? तुम्ही राळ घाला. ती काही लयीत घालावी लागत नाही."

मुली हसल्या. हसल्या नाहीत तर काय होते हे त्यांना ठाऊक होते. मास्तर खरोखर राळ घालू लागले. मी ते पाहिलेले आहे, ऐकीव सांगत नाही. ते दुपारी तबक घेऊन पियानोजवळ रेंगाळत. एकदा त्यांनी तिला विचारले, "बारके, सुट्टी आहे तोवर एकदा वाजवू देतेस?"

ती म्हणाली, "बाई येतील." आणि तिने झाकण लावले.

मास्तर थोड्याच दिवसांनी यायचे बंद झाले. त्यांचे पुढे काय झाले, हे शाळेत कोणी कोणाला विचारले नाही. आता बारकी 'पियानो' झाली.

तिच्या वाजवण्याविषयी मी अधिकाराने बोलू शकत नाही. एवढे मात्र सांगते, की तिच्या चालींवर मी कितीतरी झगे शिवले. चाल वळणावर यावी, आता पुढे काय होईल अशी मनाला ओढ लागावी, आणि फाड्! टाळी. माझा पायही मशीनवर थांबे. जेवणाच्या सुट्टीत मी तिला म्हटले, "अगं, त्या मघाच्या चालीचं पुढे काय होतं?"

"आहे पुढे," ती म्हणाली.

"कुठे?"

"घरी. फळीवर."

तेव्हा मला समजले, की शाळेत तुटलेली प्रत्येक चाल ती संध्याकाळी कपाटाच्या फळीवर पुढे नेते. शाळेतला अर्धा भाग सर्वांनी ऐकायचा, आणि घरातला अर्धा कोणीच नाही.

काही वर्षांनी नृत्यनाट्ये बसवणारा एक माणूस शाळा पाहण्यासाठी आला. तो मुलींकडे पाहायचे सोडून भिंतीकडे तोंड करून बसलेल्या बारकीकडे पाहत राहिला. वर्ग संपल्यावर त्याने बाईंना विचारले, "हे संगीत कोणाचं?"

"पियानोचं," बाई म्हणाल्या.

"मला माझ्या खेळासाठी त्या हव्या आहेत."

"पियानो बाहेर जात नाही. जड असतो."

बारकीने झाकण लावले, पर्स उचलली आणि ती त्या माणसामागून चालत बाहेर गेली. ती जात असताना बाईंनी टाळी दिली. तिचे हात वर गेले, पर्स खाली पडली, आणि दालनभर हसू उसळले. तिने वाकून पर्स उचलली आणि ती निघून गेली. परत आली नाही.

त्यानंतरचे सर्वांना माहीत आहे. त्या खेळाचे संगीत गाजले, मग दुसरे, मग तिचे स्वतंत्र कार्यक्रम. तिच्या रचना ऐन वळणावर थांबत, आणि लोकांना तेच आवडे. एका जाहीर मुलाखतीत तिला विचारले, "तुमची सर्वांत मोठी प्रेरणा कोणती?"

"आमच्या घरचं कपाट," ती म्हणाली. सभागृह हसले. दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रात आले, की कलावतीचा स्वभाव विनोदी आहे. भावाने तो कागद कापून कपाटाच्या दारावर चिकटवला. "बघितलंस, ताई? पियानो राहू दिला असता तर आज कोणी विचारलं असतं तिला? हे माझ्यामुळे झालं." तो थट्टा करीत नव्हता.

तिची एक रचना मात्र तिने कोणालाच ऐकवली नव्हती. तिचे नाव 'उरलेले'. ती मला म्हणाली होती, "आत्या, बाईंनी जेवढ्या चाली कापल्या, त्यांचं पुढचं आहे त्यात. एकदा सुरुवातीपासून शेवटापर्यंत वाजवायचंय. मध्ये न थांबता."

"मग वाजव की. आता तुला कोण अडवतंय?"

"वेळ आली की."

ती वेळ कोणती, हे मला पुढे कळले. बाईंना पक्षाघाताचा झटका आला. शाळा दुसऱ्यांकडे गेली आणि बाईंना वृद्धांच्या निवासात ठेवण्यात आले. मी भेटून आले आणि बारकीला ते सांगितले. तिने प्रकृती कशी आहे हे विचारले नाही.

"कोणता हात गेला?"

"डावा. लुळा पडलाय अगदी. उजवा चालतो."

"म्हणजे टाळी वाजत नाही."

"कशी वाजेल गं?"

त्या आठवड्यातच तिने सभागृह ठरवले. बाईंसाठी पहिल्या रांगेतली जागा राखून ठेवली आणि मला बजावले, "त्यांना तू घेऊन ये. खुर्ची मधोमध लावायची. पाणी मागितलं तरी उठवायचं नाही. शेवटापर्यंत बसवायचं."

"अगं, आजारी बाईमाणूस ती. काय मिळणार तुला त्यात?"

"शेवट ऐकू दे त्यांना. एवढंच."

तिच्या चेहऱ्यावर मी जे पाहिले, ते मी पूर्वी एकाच माणसाच्या चेहऱ्यावर पाहिले होते, ओंजळीत दात ओतताना. मी ते तिला बोलून दाखवले नाही.

कार्यक्रम दुपारचा होता. चाकांची खुर्ची पायऱ्यांवरून चढवण्यासाठी भाऊ माझ्याबरोबर आला. त्याचेही केस पिकले होते, पण खांदे तसेच होते. बाईंची खुर्ची मधोमध लागली. त्यांच्या उजवीकडे भाऊ बसला आणि त्याच्या पलीकडे मी. बाईंचा डावा हात मांडीवर ओल्या कापडासारखा पडलेला होता.

बारकी मंचावर आली. वाकताना तिने पहिल्या रांगेकडे पाहिले आणि मग ती पियानोला बसली.

पहिली चाल सुरू झाली तेव्हाच मी ती ओळखली. शाळेत मी निळे झगे शिवत होते त्या वेळची. मी आपोआप श्वास रोखला, कारण टाळी कोठे पडते हे मला ठाऊक होते. ती जागा आली आणि चाल तिच्यावरून पुढे निघून गेली. एका बाहीचा झगा वर्षानुवर्षे पेटीत ठेवलेला असावा आणि कोणी अचानक दुसरी बाही आणून जोडावी, तसे मला झाले. मग दुसरी चाल, तिसरी. प्रत्येक चाल आपली जागा ओलांडून जात होती. बाईंचा उजवा हात खुर्चीच्या दांड्यावर मोजत होता. त्या एकदाही चुकल्या नाहीत.

"हे आपल्या शाळेतलं," त्या मला ऐकू येईल इतपत पुटपुटल्या.

रचना वाढत गेली. सर्व चाली एकमेकींत मिसळू लागल्या आणि शेवट जवळ आला हे माझ्यासारखीलाही कळले. सभागृहात कोणी खोकतही नव्हते. बारकीचा उजवा हात वेगाने धावत होता, मला वाटते ठरवल्यापेक्षा किंचित जास्त वेगाने. बाईंचे मोजणे थांबले. त्या माझ्या भावाकडे वळल्या.

"हात द्या जरा."

भावाला वाटले, आजारी बाई, आधार हवा असेल. त्याने आपला पंजा पालथा न ठेवता उताणा पुढे केला. चाळीस वर्षे रंधा धरलेला तो तळवा, फळीसारखा. बाईंनी उजवा हात उचलला आणि त्याच्यावर मारला.

फाड्!

मंचावर बारकीचे दोन्ही हात वर गेले.

ते हात तसेच राहिले. सूर अर्ध्यावर होता आणि तारांमधून विरत चालला होता. तिने मान वळवून पहिल्या रांगेकडे पाहिले. तेथे बाईंचा हात अजून तिच्या बापाच्या हातावर होता. मग मागच्या रांगेतून कोणीतरी टाळी वाजवली. त्या टाळीला दुसरी मिळाली आणि सगळे सभागृह उठून उभे राहिले. बारकी हात खाली आणू पाहत होती. टाळ्यांमुळे ते खाली येईनात. भाऊही उभा राहून जोरजोरात टाळ्या पिटत होता.

कार्यक्रमानंतर बाईंची खुर्ची घेऊन आम्ही आतल्या खोलीत गेलो. ती आरशासमोर बसली होती.

"काय शेवट केलास गं!" भाऊ म्हणाला. "अंगावर काटा आला."

"अजून होतं, बाबा."

"काय होतं?"

"पुढे. शेवट राहिला."

"मग वाजवायचा ना! तुला काय कोणी बांधून ठेवलं होतं?" त्याने माझ्याकडे पाहून डोळा मारला. आपल्या हाताचे त्याच्या ध्यानातही नव्हते.

तिने खुर्ची बाईंकडे फिरवली. "का दिलीत?"

बाईंचे तोंड एका बाजूला ओढलेले होते, त्यामुळे त्या हसत होत्या की नाही हे सांगता येत नाही. "उजवा हात पळत होता," त्या सावकाश म्हणाल्या. "चुकीचं पुढे जाऊ द्यायचं नसतं. थांबायचं. पुन्हा पहिल्यापासून."

दुसऱ्या दिवशीचे वर्तमानपत्र मी स्वतः वाचले. त्यात त्या शेवटाला धाडसी म्हटले होते. प्रेक्षकांतून आलेली ती एकच टाळी आधीच ठरवलेली होती, असेही लिहिले होते. 'उरलेले' छापण्यासाठी प्रकाशक आला. बारकीने त्याला पुढची पाने दाखवली. त्याने ती वाचली आणि परत दिली. "हे आता कशाला? लोकांना तोच शेवट हवाय." ती नाही म्हणाली नाही. ठिकठिकाणी कार्यक्रम झाले. प्रत्येक ठिकाणी ती त्याच सुरावर हात उचली आणि लोक उभे राहत.

एके दुपारी ती घरी आली आणि मला म्हणाली, "चल माझ्याबरोबर. बाईंकडे जायचंय."

वृद्धांच्या त्या निवासात जेवणाच्या खोलीत एक पियानो आहे. जेवणे झाली होती, मेजे पुसून ठेवली होती आणि सूप सांडल्याचा वास होता. बारकीने बाईंची खुर्ची स्वतः ढकलत आणली. भिंतीजवळ नेली, तोंड भिंतीकडे केले आणि चाकांना अडसर लावला. बाईंच्या नाकासमोर वीतभर अंतरावर भिंत होती. आसपास कोणी बसलेले नव्हते. मलाही तिने दाराशी उभे केले.

"आत्या, हात मागे धर."

मी हात मागे धरले.

"हे काय चालवलंय?" बाईंनी भिंतीला विचारले.

"तुम्हाला बघायचंय काय? ऐकलं की पुरे," बारकी म्हणाली.

ती वाजवू लागली. पियानो चांगला नव्हता. काही पट्ट्या मुक्या होत्या, आणि त्या ती लहानपणी दाबी तशाच दाबून पुढे जात होती. या वेळी उजवा हात पळाला नाही. बाईंचा हात दांड्यावर मोजत होता, आणि माझी खात्री आहे, की एकही मात्रा इकडची तिकडे झाली नाही. निळे झगे, पांढरे झगे, मास्तर राळ घालत त्या दिवसांतली एक संथ चाल, सर्व आले. शेवट जवळ आला. बाईंनी मोजणारा हात उचलला आणि मांडीवर, लुळ्या हातापासून दूर ठेवला.

त्याच सुरावर बारकीचे दोन्ही हात वर गेले.

खोलीत काही वाजले नव्हते. माझे हात पाठीमागे होते. ती आपल्या हातांकडे पाहत राहिली. तिने ते खाली आणले, पट्ट्यांवर ठेवले, आणि पुढचा सूर दाबायचा म्हणून बोट वाकवले. बोट वाकले, पण पट्टी दाबली गेली नाही.

"का थांबलीस?" बाई भिंतीकडे तोंड करून म्हणाल्या. "मी टाळी दिलेली नाही."

बारकीने वाकलेले बोट सरळ केले.

"पियानो," बाई म्हणाल्या, "पुन्हा पहिल्यापासून."

आणि तिने पहिल्यापासून सुरुवात केली. परिचारिका औषध घेऊन येईपर्यंत ती वाजवीत होती. प्रत्येक वेळी त्याच सुरापर्यंत.